भवानी रस्त्यांत आहे

भवानीला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात म्हणून वेदवतीने मोबाइल काढला, तेव्हा ती कुंभकोणमच्या भाजीबाजारात केळफुलांच्या ढिगापाशी उभी होती. एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने ‘रेस कंट्रोल’ हा ग्रुप उघडला आणि पाहते तर खाली लिहायला जागाच नाही. त्या जागी एक राखाडी ओळ. सूर्याने तुम्हाला काढून टाकले आहे. तिने मोबाइल उगाचच बंद करून परत चालू केला, जणू बिघाड यंत्रात होता. ओळ तिथेच होती. हा ग्रुप तिने स्वतः केला होता. झेंडे दाखवणारे, अँब्युलन्सवाले, वेळ मोजणारे, क्रेनवाले, सगळ्यांचे नंबर तिने एकेक करून त्यात घातले होते, आणि सूर्याला अ‍ॅडमिनही तिनेच केलं होतं, एका शर्यतीच्या आदल्या दिवशी, ‘मला शंभर कामं आहेत रे, हे तू सांभाळ’ म्हणून. सांभाळलं त्याने. समोर येऊन सांगायची छाती नाही, फोन नाही, निदान दोन शब्द नाहीत. अंगठा टेकवला आणि वेदामावशी बाहेर! “अम्मा, घ्यायचं तर घ्या, पिळू नका ते,” भाजीवाली तमिळमध्ये खेकसली. वेदवतीने खाली पाहिलं. हातातल्या केळफुलाची वरची जांभळी पानं चुरगळली होती आणि बोटांना चीक लागला होता. तिने मुकाट्याने तेच फूल विकत घेतलं. केळफुलाचा चीक कपड्यावरून जात नाही हे लहानपणापासून माहीत असूनही तिने बोटं पदरालाच पुसली.

भांड्यांच्या दुकानांवरून ती घराकडे चालू लागली. पितळेच्या घागरींवर ऊन आपटून डोळ्यांत जात होतं आणि तिला त्या घागरींचासुद्धा राग आला. सगळं कसं लखलखीत, सगळं कसं जागच्या जागी. तिचीही एक जागा होती. चेन्नईबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, सुरुवातीच्या रेषेच्या वर, काचेच्या एका खोलीत, पडद्यांसमोरची मधली खुर्ची. रेस डायरेक्टर, म्हणजे शर्यत चालू असेपर्यंत जिचा शब्द अखेरचा ती बाई. गाड्या कुणाच्याही असोत, पैसा कुणाचाही असो, शर्यत थांबवायची की चालू ठेवायची हे त्या खुर्चीतला माणूस सांगतो. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या आग्रहाने ती एकदा हौस म्हणून झेंडा धरायला गेली होती. विमानांच्या जुन्या धावपट्टीवर उन्हात उभं केलं होतं तिला, हातात पिवळा झेंडा देऊन. तिथल्या म्हाताऱ्या प्रमुखाने पहिलीच गोष्ट सांगितली होती, की शर्यत बघायची नाही. शर्यत लोक बघतील. तू तुझ्यापुढचा रस्ता बघ. गाडी गेली की मान तिच्यामागे वळते, सगळ्यांचीच वळते, आणि तेवढ्यात मागून दुसरी येते. वेदवतीची मान कधी वळली नाही. कोण जिंकलं हे तिला कित्येकदा संध्याकाळी चहाच्या वेळी कळायचं. लग्न झालं, गिरिधरच्या नोकरीपायी कुंभकोणमला घर झालं, तरी शर्यतीचा शनिवार-रविवार आला की ही बस पकडून चेन्नईला हजर. झेंड्यापासून काचेच्या खोलीपर्यंत यायला तिचं सगळं तारुण्य गेलं. आणि आज घागरींच्या दुकानापुढे उभी राहून ती बोटांचा चीक पुसत होती.

बाहेरच्यांना वाटतं, शर्यत ट्रॅकवर होते. ट्रॅकवर काय होतं? पोरं गाड्या हाकतात. खरी शर्यत वरच्या मजल्यावर, वातानुकूलित खोल्यांत, काजू खात खात होते. जुना क्लब म्हणतो ट्रॅक आमचा, महासंघ म्हणतो नियम आमचे, आणि गेल्या काही वर्षांत आलेला जयकुमार म्हणतो, ठेवा तुमचा ट्रॅक आणि घाला चुलीत तुमचे नियम, टीव्ही माझा आहे. जयकुमारची कंपनी शर्यती भरवते आणि त्याच शर्यतीत जयकुमारचा स्वतःचा संघही उतरतो. लग्न लावणारा भटजी स्वतःच नवरामुलगा, आणि याचं कुणाला काही वाटत नाही. मागच्या मोसमाच्या उद्घाटनाला वेदवतीने नाचियार्कोविलहून मोठी पितळी समई नेली होती, हौसेने, बसमध्ये मांडीवर धरून. समईला पाच वाती. वात लावायला हक्काने पुढे आलेली माणसं सात. क्लबचे अध्यक्ष, महासंघाचे दोघे, जयकुमार, त्याचा मेहुणा, टायरवाले आणि कुणी आमदार. अर्धा तास गाड्या इंजिनं तापवून उभ्या, पोरं हेल्मेटात घामाने निथळतायत, आणि ही सात माणसं कुणाची वात कुठली यावर हुज्जत घालतायत. शेवटी जयकुमारने मेणबत्ती हातात घेतली आणि एकट्याने पाचही वाती लावून टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या वाती गेल्या त्यांनी तर जास्तच जोरात. तेव्हाच तिला कळायला हवं होतं, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत सूर्याही होता.

सूर्या अंबाक्कांचा एकुलता एक. अंबाक्का म्हणजे अंबाबाई, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या, तंजावरच्या राजवाड्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या घराण्यातल्या. वेदवतीचं माहेर वैष्णवांचं, त्यांचं दरबारी. नात्याचा धागा नाही. पण या गावात मराठी बोलणारी घरं ती किती! वेदवती इथे नवी नवरी म्हणून आली तेव्हा अंबाक्कांनीच तिला दूध कुठलं, भाजी कुठली, देऊळ कुठल्या वेळी मोकळं असतं ते दाखवलं. तिला मूल झालं नाही, तेव्हा गावाने चौकशा करून जीव नकोसा केला, अंबाक्कांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. सूर्याने इंजिनिअरिंग पुरं केलं आणि घरात बसून राहिला, तेव्हा त्याच म्हणाल्या, “वेदा, तुज्या मोटारींत घाल गे याला, घरांत बसून कुजून जाईल.” घातलं. झेंड्यापासून शिकवलं, मग वेळ मोजणं, मग रेडिओ, मग स्वतःशेजारची खुर्ची. हुशार होता. गोड बोलायचा. आणि त्या काचेच्या खोलीत, जिथे सगळे इंग्रजीत नाहीतर तमिळमध्ये बोलत, तिथे ती दोघं एकमेकांशी घरचं मराठी बोलू लागली. क्लबचा अध्यक्ष मागे येऊन उभा राहिला की ती रेडिओच्या बाजूच्या चॅनलवर सूर्याला म्हणायची, ‘म्हाताऱ्यास भूक लागली वाटतं, वडा पाठव रे कोणाकडून’, आणि तो गंभीर चेहऱ्याने ‘येस मॅडम’ म्हणायचा. भरल्या खोलीत दोघांचा वेगळा कोपरा. त्या चॅनलवरचं सगळं रेकॉर्ड होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण होईना रेकॉर्ड, कळणार आहे कुणाला? या माजापायीच तिचं वाटोळं झालं, आणि माज दोघांचा होता, वाटोळं एकटीचं.

मागच्या महिन्यातली, मोसमाची शेवटची शर्यत. संपायला थोडेच फेरे उरले होते. नवव्या चौकीपाशी एक गाडी गिरकी घेऊन रस्त्याच्या कडेला अडकली, तिच्या पुढच्या भागाचा तुकडा ऐन वळणावर पडला. चौकीवर दोन पिवळे झेंडे हलू लागले, म्हणजे वेग टाका, थांबायची तयारी ठेवा, रस्त्यावर माणूस आहे. माणूस म्हणजे भवानी. चौकीची प्रमुख, पापनाशमची शाळामास्तरीण, सुट्टीत झेंडे धरायला येणारी. ती तुकडा ओढायला रस्त्यावर उतरली होती. आणि गाड्या वेग टाकत नव्हत्या. मोसमाचं अजिंक्यपद पणाला लागलेलं, कोण टाकतो? जयकुमारच्या संघाच्या पोराने तर त्याच धामधुमीत सरळ रस्त्यावर पुढच्याला गाठून पहिला नंबर घेतला. पडद्यावर भवानीच्या नारिंगी जाकिटापासून हातभर अंतरावरून एक गाडी गेली. आणि नेमका तेव्हाच जयकुमार खोलीत शिरला. शर्यत चालू असताना त्या खोलीत पाय ठेवायचा त्याला अधिकार नाही, कुणाही मालकाला नाही. शिरला, आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तमिळमध्ये म्हणाला, “मॅडम, थांबवू नका. टीव्हीचा वेळ संपत आलाय. दोन फेरे सांभाळून घ्या.” खुर्चीच्या पाठीवरचा तो हात! अजून आठवला की तिच्या मानेवर काटा येई. ती त्याच्याशी बोललीच नाही. बाजूच्या चॅनलचं बटण दाबून ती सूर्याला म्हणाली, “सूर्या, तो मनुष्य काय बोलतो तें ऐकूं नको. भवानी रस्त्यांत आहे. मी लाल दाखवतें. होईल तें माज्या माथां.” आणि लाल दाखवला. सगळ्या चौक्यांवर लाल झेंडे, शर्यत बंद. भवानी तुकडा घेऊन कुंपणाआड गेली. कुणाला ओरखडाही आला नाही. काहीच झालं नाही, हाच तिचा गुन्हा ठरला. एखादी तंगडी मोडली असती, तर वेदवतीचे हार घालून सत्कार झाले असते.

कारण लाल झेंड्याचा नियम असा, की शर्यत बंद पडली तर निकाल त्याआधीच्या पुऱ्या झालेल्या फेऱ्याचा धरायचा. त्या फेऱ्यात जयकुमारचं पोर दुसरं होतं. अजिंक्यपद गेलं. जयकुमार आरडाओरडा करणारा नव्हे. तो संध्याकाळी सगळ्यांना हसून भेटला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलाने महासंघाकडे तक्रार गुदरली, की रेस डायरेक्टर बाईंनी आकसाने शर्यत बंद पाडली. दोन पिवळे झेंडे पुरेसे होते, म्हणे. चौकशी समिती बसली. प्रमुख व्यंकटरमण, हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, गाड्यांमधलं काही न कळणारे, म्हणूनच निःपक्षपाती समजले जाणारे. पंधरा दिवसांमागे चेन्नईत सुनावणी झाली. रेकॉर्डिंग वाजवलं गेलं. सगळं इंग्रजी, मधे तमिळ, आणि ऐन मोक्याला तिचं ते वाक्य, इंजिनांच्या घोंगावण्यात. न्यायाधीशांनी विचारलं, ही कुठली भाषा? तंजावरची मराठी. कुणाला येते? सूर्याला येते. सांगा हो, काय म्हणाल्या त्या? आणि सूर्या उभा राहिला, इस्त्रीचा निळा शर्ट, कपाळाला बारीक गंध, तिच्याकडे न बघता, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “त्या म्हणाल्या, त्या माणसाला जिंकू द्यायचं नाही. मी लाल दाखवते. पुढचं मी बघून घेईन.”

आधी तिला हसू आलं होतं. पोराची काहीतरी गफलत झाली असं वाटलं होतं. मग कळलं, आणि कानांत तेच इंजिनांचं घोंगावणं सुरू झालं. खोटं आहे, ती ओरडली. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, “तुमचा यात संबंध आहे, बाई. त्यांचा काय संबंध?” त्यांचा संबंध हा, की जयकुमारने त्याला तिची खुर्ची कबूल केली होती, हे अख्ख्या ट्रॅकला माहीत, पण सिद्ध कोण करणार? न्यायाधीश म्हणाले, मग ही भाषा येणारं तिसरं माणूस आणा. टायर कंपनीत पुण्याचा एक गृहस्थ होता, त्याला बोलावलं. त्याने कानाला लावून चार वेळा ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मॅडम, आवाज फार आहे. आणि हे मराठी... म्हणजे, आमच्याकडे असं बोलत नाहीत. लाल कळलं, मनुष्य कळलं. बाकी शपथेवर नाही सांगू शकत.” मनुष्य कळलं! तीनशे वर्षं या मुलखात दळण-कांडण करत जपलेली भाषा, आणि तिच्या लेकरांपैकी एकजण तिच्या आडून गळा कापतो, दुसऱ्याला शपथेवर सांगता येत नाही. गिरिधरची साक्ष घेणार नाहीत, नवरा म्हणून. भावाची नाही, भाऊ म्हणून. गावातली उरलेली मराठी घरं नात्यातली, नाहीतर कोर्टकचेरीला भिणारी. येत्या रविवारी समिती निर्णय देणार होती. तो विरुद्ध गेला, तर तिचा परवाना जन्माचा रद्द, निकाल फिरवला जाणार, आणि आकसाने शर्यत पाडणारी बाई एवढीच तिची ओळख राहणार. शेजारच्या खुर्चीतला पोरगा मधल्या खुर्चीत बसणार.

घरी गिरिधर वर्तमानपत्र वाचत होता. तिने ग्रुपचं सांगितलं. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “अगे, जाऊं दे. ग्रुपच तो. शांत हो.” शांत हो! गेले पंधरा दिवस सगळे तिला हेच सांगत होते. जयकुमारला कुणी शांत हो म्हणत नाही, त्याचा राग म्हणजे व्यवहार. तिचा राग म्हणजे रक्तदाब. तिने केळफूल विळीवर धरलं आणि कचाकच चिरायला घेतलं. एकेका कळीतला न शिजणारा दांडा काढायचा असतो, तोही काढला नाही. तेवढ्यात फोन वाजला. अंबाक्का. “कां गे वेदा, घरांत अहेस का? लवकर ये. सूर्या येतो म्हणे, संगातीं मोठी मंडळी अहेत, तिरुनागेश्वराला राहूचं दर्शन करून येतात. काफी द्यावी त्यांस. मज मोठ्या लोकांशीं बोलाया भय वाटतं. तूं ये गे, तूं बोल.” वेदवतीचा विळीवरचा हात थांबला. म्हणजे याने आईला काहीच सांगितलेलं नाही. आणि मोठी मंडळी कोण, तर जयकुमार, दुसरं कोण असणार? अशी माणसं चेन्नईहून येतात, कुंभकोणमच्या हॉटेलात उतरतात आणि नऊ ग्रहांची नऊ देवळं उरकतात. अन्याय करून झाला की राहूला दूध. गिरिधर म्हणाला, जाऊ नको. म्हणूनच ती गेली. चीक लागलेली साडीसुद्धा बदलली नाही.

पांढरी लांबलचक गाडी गल्लीत मावत नव्हती. पुढच्या खोलीत पंख्याखाली जयकुमार बसला होता, कपाळभर विभूती, आणि त्याच्या शेजारी, उपरणं मांडीवर घडी घालून, न्यायाधीश व्यंकटरमण. समितीचा प्रमुख, रविवारी निर्णय द्यायचा, आणि तक्रार करणाऱ्याच्या गाडीतून देवदर्शन करतो! न्यायाधीशही तिला पाहून चपापले. “बाई, तुम्ही इथे? आम्ही सहज... देवाच्या कामाला.” “मी पलीकडच्याच गल्लीत राहते, साहेब,” ती तमिळमध्ये म्हणाली. “मला अक्कांनी बोलावलं.” सूर्या आईच्या हातातलं तबक घ्यायला पुढे झाला होता, तो तसाच उभा. पितळेच्या पेल्यांतली कॉफी हिंदकळून तबकात सांडली. अंबाक्का कौतुकाने म्हणाल्या, “वेदा आली. आतां मज काळजी नाही.” नऊवारीचा पदर खांद्यावरून घट्ट घेऊन त्या दाराशी उभ्या होत्या, लेकाच्या मोठेपणाने फुललेल्या. जयकुमारने पेला उचलला, फुंकर घातली आणि न्यायाधीशांना म्हणाला, “कुंभकोणमची कॉफी ती कुंभकोणमचीच!” खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला तो हात. त्याच हाताला देवळातला लाल दोरा बांधला होता.

ती ठरवून आली नव्हती. काय करायचं हे तिला त्या पेल्याकडे बघताना सुचलं. समितीने रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवलं होतं, तिच्या मोबाइलवर होतं. “साहेब,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात, ही भाषा येणारं तिसरं माणूस आणा. हे उभं आहे. माझं कुणी लागत नाही. सूर्याची आई आहे, म्हणजे माझ्या बाजूने बोलायचं यांना काही कारण नाही. फक्त ऐकवते.” “ही सुनावणी नाही, बाई,” न्यायाधीश म्हणाले. “नाही ना. तुमचं राहूचं दर्शनही सुनावणी नव्हती.” ते गोरेमोरे झाले. सूर्या घाईने म्हणाला, “मावशी, इथं नको. अम्मेस बरं नाही.” मज काय जाहलं, असं अंबाक्का विचारेपर्यंत वेदवतीने मोबाइल त्यांच्या कानाशी धरला होता. इंजिनं घोंगावली. भवानी रस्त्यांत आहे. तिचाच आवाज, चिरका, घाबरलेला. तिने पुन्हा लावलं. अंबाक्कांचा चेहरा आधी नुसता नवलाचा होता, मोबाइलमध्ये वेदा कशी बोलते म्हणून. मग त्यांनी लेकाकडे पाहिलं. सूर्याची नजर फरशीवर होती. काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण लेक घाबरलाय हे कळायला आईला काय लागतं? न्यायाधीशांनी घसा खाकरून विचारलं, “काय म्हणतायत त्या यात? माणसाला जिंकू द्यायचं नाही, असं आहे का?” अंबाक्का तमिळमध्ये म्हणाल्या, “हो. मुलगा सांगतो तसंच आहे.”

जयकुमार हसलाही नाही. त्याने कॉफीचा घोट घेतला, एखादी गोष्ट अपेक्षेप्रमाणे झाली की घेतात तसा. वेदवतीला वाटलं, हा पेला त्याच्या तोंडावर ओतावा. आणि तेवढ्यात अंबाक्कांनी तिचा हात धरला. खरबरीत, मसाल्याचा वास येणारा हात. तापात, दुखण्यात, सासू गेली त्या दिवशी याच हाताने तिला कालवून भरवलं होतं. हलक्या आवाजात, आपल्या बोलीत त्या म्हणाल्या, “वेदा, तूं खरं बोललीस तें मज ऐकूं आलं. पण मज एकच लेक गे. तूं सोस.”

“आत्ता काय म्हणाल्या त्या?” न्यायाधीशांनी विचारलं.

सूर्याने मान वर केली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ते डोळे तिने तो लहान असल्यापासून... नाही, खोटं, तो लहान असताना तिने त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. पण त्या डोळ्यांत आत्ता लहानपण होतं. मावशी, नको, असं ते म्हणत होते. कॉफी गार होतेय म्हणाल्या, एवढं म्हटलं की झालं. किती सोपं होतं! सूर्याने केलं तेच, फक्त चांगल्या मनाने. अंबाक्कांची अब्रू राहील, गल्ली राहील, सणासुदीची येणीजाणी राहतील, आणि रविवारी आपण एकटीने मरू. सोस. जन्मभर तिला हेच सांगितलं होतं सगळ्यांनी, प्रेमाने, हात धरून. मूल नाही, सोस. बाईमाणूस गाड्यांत कशाला, सोस. मागून येऊन कुणी खुर्चीवर हात ठेवील, सोस. प्रेम करणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त वेळा सांगितलं होतं. भवानीच्या जाकिटाजवळून गेलेली ती गाडी तिला दिसली. त्या दिवशी तिने कुणाचा चेहरा पाहून हुकूम दिला नव्हता. संताप असा वर आला, की डोक्यात उलट सगळं निवळलं आणि आवाज एकदम साधा झाला, रेडिओवर व्हायचा तसा.

“साहेब, त्या म्हणाल्या, वेदा, तू खरं बोललीस ते मला ऐकू आलं. पण मला एकच मुलगा आहे. तू सोस.” तमिळमध्ये, शब्दाला शब्द.

“मावशी खोटं बोलते!” सूर्या ओरडला. न्यायाधीशांनी पेला खाली ठेवला आणि अंबाक्कांकडे वळले. “अम्मा, असं म्हणालात तुम्ही?” हात सुटला. अंबाक्का भिंतीला टेकल्या. लेकासाठी एक खोटं त्यांनी काढलं होतं, दुसरं त्यांच्यात नव्हतं. शेवटी त्यांनी मान हलवली. हो. आणि पदर तोंडावर ओढून घेतला. न्यायाधीश उठले. “मिस्टर सूर्या, तुमचं भाषांतर मी बाजूला ठेवतो. रविवारी कुणाशी नातं नसलेला दुभाषी येईल. आणि मी आगगाडीने जाईन.” उपरणं खांद्यावर टाकून ते निघालेच. जयकुमार सावकाश उठला. त्याने घड्याळात पाहिलं, कॉफी संपवली, अंबाक्कांना हात जोडले, आणि सूर्याकडे न बघता गाडीची किल्ली त्याच्यासमोर धरली. “गाडी वळवून ठेव.” सूर्याने किल्ली घेतली. आईकडे पाहिलं नाही, मावशीकडे पाहिलं नाही. बाहेर, गल्लीत न मावणारी ती गाडी तो मागेपुढे, मागेपुढे करत राहिला, आणि वेदवतीला त्या क्षणीही त्याची कीव आली नाही. खुर्ची हवी होती ना? घे, बस त्या गाडीतल्या खुर्चीत.

ती जिंकली होती, हे तिला हळूहळू कळलं. रविवारी कुणीही ऐकलं तरी ते वाक्य तेच निघणार होतं. आनंद बिनंद काही होईना. राग होता तिथेच होता, नुसता मालक नसलेला. हे या घरात, या बाईच्या तोंडून का काढावं लागलं? एवढे वकील, एवढे नियम, एवढे न्यायाधीश, आणि शेवटी चिरडली कोण, तर कॉफी करून वाट बघणारी आई. आणि चिरडलं कुणी? तिने पेले गोळा केले. सांडलेली कॉफी पुसली. अंबाक्का भिंतीशी खाली बसल्या होत्या. वेदवती त्यांच्यापुढे उकिडवी बसली, हात धरायला गेली, तो त्यांनी मागे घेतला.

“अक्का,” ती म्हणाली, “मी काय करायचं होतं? भवानी मेली असती. आणि आज मी गप्प राहिलें असतें, तर मी मेलें असतें. बोला ना माज्याशीं.”

अंबाक्कांनी पदर बाजूला केला. डोळे कोरडे होते. उठल्या, दारापर्यंत गेल्या, दार उघडून धरलं, आणि विजेचं बिल घेऊन आलेल्या माणसाशी बोलावं तसं, तमिळमध्ये, आदराने म्हणाल्या, “तुम्ही जा, अम्मा.”

“अक्का, मी वेदा. मी खोटं बोललें का, तेवढं सांगा.”

अंबाक्कांनी नकारार्थी मान हलवली आणि तमिळमध्येच म्हणाल्या, “तुम्ही काय बोलता, मला कळत नाही.”